कुकरच्या शिट्टीला घाबरणारी बुंदी

प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. त्यांची बुंदी तीन वर्षांची, रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री. दिवाळीच्या फटाक्यांना ती फारशी भीत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन बसते. आधी फक्त शिट्टीला पळायची. गेले दोन महिने ओट्याखालून कुकर नुसता बाहेर काढला तरी पळते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर टीं-टीं करायला लागला की लाळ गाळते, थरथरते. सासूबाई म्हणतात, जवळ घेऊन घेऊन तुम्हीच लाडावून ठेवलंय. ओळखीतल्या एकांनी सल्ला दिलाय की तिला ओट्यापाशी साखळीने बांधा, दहा शिट्ट्या ऐकल्या की सवय होईल. करू का?

बांधू नका. हे आधी सांगतो, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत उद्याच्या वरणभाताचा कुकर लागलेला असेल.

मी बावीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय, आणि हा बांधण्याचा प्रयोग मी स्वतः केलेला आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी आमच्या घरी टिप्या नावाचा कुत्रा होता, तो मिक्सरला भ्यायचा. मी त्याला स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला बांधलं आणि आईला म्हटलं, चटणी वाट, आता बघच. पहिल्या दिवशी त्याने साखळी ओढून ओढून मान सोलून घेतली. तिसऱ्या दिवशी गप्प उभा राहिला. मी खूश. आईने मात्र नीट पाहिलं. कान मागे डोक्याला चिकटलेले, शेपूट पोटात, तोंड घट्ट मिटलेलं, आणि समोर टाकलेल्या मटणाच्या तुकड्याकडे बघायलाही तयार नाही. ती म्हणाली, "अरे, याला सवय नाही झाली, याने आशा सोडलीय." पुढच्या आठवड्यात टिप्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना, आणि मी साखळी हातात घेतली की पलंगाखाली जायला लागला. म्हणजे एका भीतीच्या तीन झाल्या. कॉलेजात जे शिकलो नव्हतो ते आईने त्या दिवशी शिकवलं.

आता फटाक्यांना न भिणारी कुत्री शिट्टीला का भिते, ते बघू. आपण आवाज मोजतो तो मोठा-लहान या हिशेबाने. कुत्र्याचा हिशेब वेगळा. माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला जवळजवळ 45,000 हर्ट्झपर्यंत. आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज त्याला आपल्यापेक्षा कितीतरी लांबून कळतात. कुकरची शिट्टी बारीक, तीक्ष्ण, अचानक येणारी आणि तुटक. एक झाली की दुसरी कधी होणार याचा पत्ता नाही. इन्व्हर्टरचं टीं-टीं तसंच. कूलर किंवा एक्झॉस्ट फॅन दिवसभर घोंघावतो, पण त्याचं काही वाटत नाही, कारण तो एकसुरी आहे, त्यात धक्का नाही.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2021 मध्ये घरगुती आवाजांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. 386 कुत्रेमालकांना प्रश्न विचारले आणि इंटरनेटवरचे 62 व्हिडिओ तपासले. धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो जी चिवचिव करतो, तसले बारीक, तुटक आवाज कुत्र्यांना व्हॅक्यूम क्लीनरसारख्या सलग घरघरीपेक्षा जास्त भिववतात, असं त्यात दिसलं. त्याहून मला लागलेली गोष्ट दुसरी. पुष्कळ मालकांना आपलं कुत्रं घाबरलंय हे ओळखूच येत नव्हतं, आणि व्हिडिओंमध्ये घरची माणसं चक्क हसत होती.

हसण्याचं कारण आहे. आपल्याला वाटतं भीती म्हणजे थरथर, पळापळ, केकाटणं. ती शेवटची पायरी. त्याच्या बरंच आधी कुत्रं भूक नसताना ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, मान वळवतं पण डोळे आवाजाकडेच ठेवतं, त्यामुळे डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो. एक पुढचा पाय उचलून थबकतं. थंडीत धापा टाकतं. घरभर तुमच्या पायात पायात येतं. फरशीवर ओले पंजे उमटतात, कारण कुत्र्याला घाम पंजांना येतो. बुंदी कमोडच्या मागे जाते तेव्हा ती या सगळ्या पायऱ्या चढून गेलेली असते. पुढच्या कुकरला तिच्याकडे नाही, तिच्या जांभईकडे लक्ष ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं. त्यांना वाईट वाटू न देता सांगा की भीती हा हट्ट नव्हे. बिस्किटासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याला बिस्किट दिलं तर भुंकणं वाढतं, हे खरं. पण भेदरलेल्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला म्हणून ते पुढच्या वेळी जास्त भेदरत नाही. ती जवळ आली तर बसू द्या, हात फिरवा, हळू आवाजात बोला. नाही आली तर ओढून काढू नका. बाथरूम तिने उगाच निवडलेलं नाही. घराच्या आतल्या बाजूला, लहान, खिडकी बारकी, तीन बाजूंना भिंती. तिथे एक जुनी सतरंजी टाका, पाण्याचं भांडं ठेवा, दार उघडं ठेवा. आपली आपण जाता-येता येईल अशी जागा असणं हीच निम्मी शांतता. तिथे दार लावून कोंडलंत की त्याच जागेची ती कैद होते.

आता कुकर नुसता बाहेर काढल्यावर पळणं. शिट्टीच्या आधी काय काय होतं ते बुंदीच्या बाजूने मोजा. कप्प्याचं दार, कुकर ओट्यावर ठेवल्याचा खण्ण, झाकण, लायटरची टकटक, मग फुसफुस, मग शिट्टी. रोज याच क्रमाने, साखळीच्या कड्यांसारखं. म्हणून ती शेपटाकडून डोक्याकडे मागे मागे जात पहिल्या कडीपर्यंत पोचली. अजून दोन महिने असंच चाललं तर तुम्ही डाळ धुवायला घेतलीत तरी ती उठेल. ऐकायला वाईट वाटतं, पण हीच तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. ढगांचा गडगडाट आपल्या हातात नसतो. कुकर असतो. साखळीतली प्रत्येक कडी सुटी करून, हवी तेव्हा, हवी तेवढी वाजवता येते.

त्याआधी एक काम. शिकवणी चालू आहे तोवर तिच्या कानावर पूर्ण शिट्टी पडू द्यायची नाही, निदान जमेल तितकी. कुकर लागायच्या वेळी कोणीतरी तिला खाली फिरवायला न्या. तेही जमत नसेल तर घराच्या लांबच्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून, चघळायला काहीतरी देऊन बसवा, स्वयंपाकघराचं दार लावा. प्रेशर धरलं की गॅस बारीक करा. पाच शिट्ट्यांची डाळ एका शिट्टीनंतर मंद आचेवर वेळ लावूनही शिजते. सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी सहा शिट्ट्या ऐकवायच्या, असं केलंत तर गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं होईल.

शिकवणी अशी. उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करा, पनीर किंवा शिजवलेली कलेजीही चालेल. हे खाणं एरवी द्यायचं नाही, फक्त यासाठीच. बुंदी हॉलमध्ये, ओट्यापासून लांब. घरातल्या एकाने ओट्याखालच्या कप्प्याचं दार उघडायचं. एवढंच. एक सेकंद थांबा. मग दुसऱ्याने तिच्यापुढे एक तुकडा टाकायचा. दार बंद. अर्धा मिनिट काही नाही. पुन्हा दार, एक सेकंद, तुकडा. पाच-सहा वेळा झालं की बास, तीन-चार मिनिटांचा खेळ. दिवसातून दोनदा.

क्रम लक्षात ठेवा: आधी आवाज, मग तुकडा. इथे दहातले आठ लोक चुकतात, म्हणून जरा जास्त लिहितो. एक काका गोल्डन रिट्रीव्हर घेऊन आले होते. म्हणाले, "डॉक्टर, चिकन देऊन बघितलं, आता तो चिकनलाच घाबरतो." मला आधी हसू आलं. मग म्हटलं, कसं देता ते करून दाखवा. त्यांनी डबा काढला, चिकन कुत्र्याच्या नाकाशी धरलं, तो वास घेत पुढे आला, आणि त्यांनी दुसऱ्या हाताने मोबाइलवर शिट्टी वाजवली. म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने चिकनचा डबा उघडला की शिट्टी येते. तो डब्याला घाबरणार नाही तर काय! त्यांनी शिकवणी तंतोतंत उलटी केली होती. आम्ही डबा बदलला, क्रम सुलटा केला, मग गाडी रुळावर आली. तुमच्याही हातात तुकडा आधीपासून दिसता कामा नये. खिशात ठेवा.

या युक्तीला शंभर वर्षं झाली, आणि गंमत म्हणजे ती आधी माणसाच्या पोरावर वापरली गेली. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्ये पीटर नावाच्या सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, तो खाण्यात रमलेला असताना ससा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. आजही तत्त्व तेच, फक्त आम्ही क्रम आधी आवाज, मग तुकडा असा ठेवतो.

पुढची कडी कधी घ्यायची? बुंदीच सांगेल. दाराचा आवाज झाल्यावर तिने कान मागे न नेता मान वळवून तुमच्या खिशाकडे बघितलं, "आण की" असा चेहरा केला, की ती कडी पक्की झाली. नुसतं न पळणं म्हणजे पक्कं नव्हे. तुकडा ती एरवीपेक्षा जोरात, बोटांना दात लागतील असा हिसकावत असेल तर अजून ताणाखाली आहे. खायचंच बंद केलं तर तुम्ही फार पुढे गेलात, एक पायरी मागे या. दारानंतर रिकामा कुकर ओट्यावर ठेवणं, तेही आधी खाली फडकं टाकून, मग फडक्याविना. मग झाकण. मग लायटर. लायटरची टकटक पुष्कळ कुत्र्यांना कुकरपेक्षा जास्त टोचते, तिथे आठवडा गेला तरी घाई करू नका.

फुसफुस आणि शिट्टी यांसाठी रेकॉर्डिंग वापरा. तुमच्याच कुकरचं, तुमच्याच मोबाइलवर करा, आणि सुरुवात इतक्या बारीक आवाजात करा की तुम्हालाच कान द्यावा लागेल. एक लक्षात असू द्या, मोबाइलचा स्पीकर म्हणजे खरा कुकर नव्हे. आपल्या कानापलीकडचे वरचे स्वर त्यात येतच नाहीत. त्यामुळे रेकॉर्डिंगला बुंदी शेपूट हलवायला लागली आणि खऱ्या शिट्टीला पुन्हा दचकली, तर मेहनत वाया गेली असं समजू नका. रेकॉर्डिंग ही फक्त मधली पायरी. त्यानंतर खरा कुकर, पण बुंदी जिन्याच्या खालच्या मजल्यावर किंवा पार्किंगमध्ये, जिथे शिट्टी जेमतेम पोचते. मग दाराबाहेर, मग हॉलच्या टोकाला.

किती दिवस? एवढ्या भीतीला मी सहा ते आठ आठवडे धरतो, रोज केलं तर. मध्ये दिवाळी किंवा शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग आलं तर थोडं मागे जाल. भीतीची बेरीज होते. सकाळी ड्रिल, दुपारी कुरिअरवाल्याची बेल, संध्याकाळी लाइट गेली, तर रात्री चमचा पडला तरी कुत्रं उडी मारतं आणि आपण चमच्याला दोष देतो. असा दिवस असेल तेव्हा शिकवणीला सुट्टी.

आणि नियोजन फसलं, शेजारच्यांच्याच कुकरची शिट्टी झाली, तर? लगेच तुकडा टाका, एका मागोमाग दोन-तीन. स्वित्झर्लंडमध्ये स्टेफनी रीमर यांनी 2020 मध्ये 1,225 कुत्रेमालकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो फटाक्यांच्या भीतीवर होता. आवाज होईल तेव्हा लगोलग खाणं किंवा खेळ, एवढं साधं करणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांनी फायदा झाल्याचं सांगितलं. मात्र बुंदी खाण्याच्या पलीकडे गेली असेल तर तोंडात कोंबू नका, तिला बाथरूमच्या सतरंजीवर जाऊ द्या.

इन्व्हर्टरचं वेगळं आहे. तो आवाज शिकवत बसण्यापेक्षा बंद करणं सोपं. टीं-टीं बहुतेक वेळा बॅटरी उतरल्याची किंवा लोड जास्त झाल्याची सूचना असते. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर शेवटचं कधी घातलं ते आठवा, गीझर किंवा इस्त्री इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का बघा, आणि इलेक्ट्रिशियनला विचारून तो बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये हलवता येतो का पाहा. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याचा कुत्रा रोज पहाटे थरथरत पलंगावर चढायचा, घरचे त्याला पोटाचं औषध देत होते. मी व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं, तर दर मिनिटाला एक "चिक". जिन्यातल्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आलेली. ती पहाटेच का चिवचिवते? गारठ्याने बॅटरीचा दाब आणखी उतरतो म्हणून. नव्या बॅटरीत सगळं बरं झालं. तुम्हीही एकदा घरात सगळे गप्प बसा आणि काय काय टींटीं करतंय ते मोजा. वॉटर प्युरिफायर, वॉशिंग मशीन, फ्रिजचं उघडं दार, टाकी भरल्याचा अलार्म. उंदीर पळवायचा प्लग लावला असेल तर तो काढाच. आपल्याला न ऐकू येणाऱ्या त्याच्या आवाजाचा बराच भाग कुत्र्याच्या टप्प्यात येतो.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे उत्तर लिहावंसं वाटलं ती. तुम्ही लिहिलंय, "गेल्या दोन महिन्यांपासून वाढलंय." तीन वर्षांची कुत्री, घर तेच, कुकर तोच, मग आत्ताच का? अचानक वाढलेल्या भीतीमागे मी आधी दुखणं शोधतो. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांबरोबर आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या दहांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं. या दहांची भीती बाकीच्या दहांपेक्षा सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झाली होती. कारण समजायला सोपं आहे. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि कुत्र्याला वाटतं शिट्टीनेच मारलं. माझ्याकडे एक आठ वर्षांची लॅब्रडॉर आली होती, आयुष्यभर मिक्सरखाली झोपलेली, आणि एकाएकी मिक्सरला भ्यायला लागली. एक्स-रेमध्ये खुबे झिजलेले निघाले. दुखण्यावर औषध सुरू केल्यावर तिचं मिक्सरचं अर्धं भय शिकवण्याआधीच गेलं.

बुंदी रस्त्यावरची आहे, म्हणजे कधी गाडीचा धक्का बसलेला असू शकतो. ती जिना एकदम चढते की प्रत्येक पायरीवर दोन्ही मागचे पाय एकत्र टाकते? सोफ्यावर उडी मारायच्या आधी थांबते का? कान खाजवते, डोकं झटकते का? जिना चढतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि शिकवणी सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं "घाबरते" म्हणून नेलंत तर दवाखान्यातल्या टेबलावर सगळीच कुत्री घाबरतात, काही कळत नाही.

औषधांबद्दल विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. रोज थरथर, लाळ, खाणं सोडणं इथपर्यंत गेलं असेल तर औषध घेण्यात कमीपणा काही नाही. कधीकधी औषधाशिवाय कुत्र्याचं डोकं शिकण्याइतकं शांतच होत नाही. ते पशुवैद्याने तपासून, वजन आणि लिव्हर-किडनी बघून द्यायचं. आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा अजिबात नको. आणि कोणी एसिप्रोमॅझिन लिहून दिलं तर नम्रपणे पुन्हा विचारा. हे जुनं गुंगीचं औषध कुत्र्याला आडवं पाडतं, पण भीती तशीच राहते, आणि ते एकट्याने दिलं तर काही कुत्री आवाजाला उलट जास्त दचकतात. अंगाला घट्ट बांधायचे जाकीट, कॉलर, स्प्रे यांनी काहींना थोडा आराम पडतो. पैसे वाचवायचे असतील तर ते चिकनवर घाला.

तुम्ही शेवटी दुसरं पिल्लू आणायचा विचार लिहिलाय. बुंदीला सोबत म्हणून आणत असाल तर आत्ता नको. भेदरलेल्या मोठ्या कुत्रीकडे बघून पिल्लूही शिट्टीला पळायला शिकतं, आणि पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ याच गोष्टी डोक्यात बसण्याचा असतो. बुंदी शिट्टी ऐकून तुमच्या खिशाकडे बघायला लागली की आणा. मग पिल्लाची पेज स्वयंपाकघरापासून दोन खोल्या लांब ठेवा आणि ते खात असताना कुकर लावा.